जुन्या जिप्सीच्या ट्रान्स्फर केससाठी नवे ब्रॅकेट : प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी २०२३, शनिवार

गाडी २००१ सालची मारुती जिप्सी किंग आहे. १२९८ सीसीचे एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारे) इंजिन, कापडी छत, चारही चाकांना ताकद देण्याची सोय. आमच्याकडे येण्यापूर्वी अकरा वर्षे ती मालवणच्या किनाऱ्यालगत होती आणि त्यानंतर आजरा तालुक्यातील आमच्या शेतावर, म्हणजे एकदा खारी हवा आणि नंतर पावसाळ्यातील चिखल असे दोन्ही तिने सोसले आहे. गेल्या महिन्यापासून लो रेंजमध्ये (चढ-चिखलासाठीच्या कमी वेगाच्या, जास्त जोराच्या जोडणीत) क्लच सोडताना पायाखाली ‘ठक्’ असा आवाज येत होता आणि रिव्हर्समध्ये तोच आवाज उलट बाजूने येत होता. आज कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गाडी रॅम्पवर घेतली, तेव्हा कारण डोळ्यांना दिसले. ट्रान्स्फर केसचे, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या व मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीचे, चेसिसवरील एक ब्रॅकेट वेल्डच्या कडेने दोन तृतीयांश फाटले आहे.

जिप्सीची रचना बहुतेक जीपगाड्यांपेक्षा वेगळी आहे, आणि पुढील सर्व काम त्या वेगळेपणातूनच उद्भवते. महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सच्या पाठीलाच बोल्टने जोडलेली असते, त्यामुळे दोन्ही मिळून एकच अवजड ठोकळा होतो. जिप्सीत मात्र गिअरबॉक्स वेगळा, त्यामागे ताकद मागे नेणारा वीतभर लांबीचा छोटा प्रोपेलर शाफ्ट, आणि त्यामागे ट्रान्स्फर केस स्वतंत्रपणे तीन फाउंडेशन रबरांवर (धक्का गिळणाऱ्या रबरी आधारांवर) चेसिसला टांगलेली असते. एका बाजूस दोन रबरे आणि दुसऱ्या बाजूस एक. फाटलेले ब्रॅकेट हे त्या एकट्या रबराचे आहे. रबर, बोल्ट, केसला रबराशी जोडणारे हात हे सारे सुटे मिळते. पण चेसिसच्या दांडीवर कारखान्यातच वेल्ड केलेले ब्रॅकेट दुकानात मिळत नाही. ते तयारच करावे लागणार.

५ फेब्रुवारी, रविवार

शाफ्ट सोडले, तेल काढले (०.८ लिटर बसते, निघाले जेमतेम अर्धा लिटर) आणि ट्रान्स्फर केस जॅकवर घेऊन खाली उतरवली. वजनकाट्यावर ती २७ किलो भरली.

फाटलेल्या जागेवर पूर्वी कोणी तरी एकदा दुरुस्ती केलेली आहे. मूळ वेल्डच्या शेजारी दांडीला आडवा असा एक जाड वेल्डचा थर ओढलेला आहे आणि नवी भेग त्या थराच्या कडेला, अगदी त्याच रेषेत उमटली आहे. पोकळ चौकोनी दांडीच्या पातळ पत्र्यावर आडवा वेल्ड ओढला, की उष्णतेने बदललेला धातूचा पट्टा दांडीच्या पूर्ण रुंदीभर एका सरळ रेषेत तयार होतो, आणि दांडी वाकताना सर्वात जास्त ताण नेमका त्या रेषेवर येतो. त्यामुळे त्या दुरुस्तीने भेग बुजली नाही, तिला पुढचा मार्ग आखून मिळाला.

मी घरून येताना फाटलेल्या ब्रॅकेटचे पुठ्ठ्याचे माप काढून त्याच आकाराचे, पण अधिक जाड ब्रॅकेट करायचे असे ठरवून आलो होतो. वेल्डिंगचे मिस्त्री, जे या कामात चाळीस वर्षे आहेत, त्यांनी केस खाली ठेवून पलीकडच्या, म्हणजे दोन रबरांच्या बाजूची दोन्ही रबरे हाताने पिळून पाहिली आणि म्हणाले, “दादा, नुसती पट्टी जाड करून भागायचं न्हाई. हे फुटलं का, ते आधी बघा.” दोन्ही रबरे धातूच्या चकतीपासून सुटलेली होती. वरून ती शाबूत दिसत होती, कारण बोल्टने जागेवर धरलेली होती. हातात घेताच मात्र रबर एकीकडे आणि चकती दुसरीकडे झाली. रबर फुगलेले आणि बोट लावले तर चिकट लागत होते. ट्रान्स्फर केसचे ऑइल सील गळत होते, ते तेल वर्षानुवर्षे या दोन रबरांवर ओघळत राहिले आणि त्यानेच ती कुजवली.

म्हणजे क्रम असा आहे : आधी सील, त्यामुळे रबर, आणि त्यामुळे एकट्या रबराचे ब्रॅकेट. माझे लक्ष केवळ शेवटच्या कडीवर होते.

११ फेब्रुवारी, शनिवार

ब्रॅकेटवर नेमका किती भार येतो, हे आज कागदावर मांडले, कारण २७ किलोच्या वस्तूने पाच मिलिमीटरच्या पोलादाला भेग पाडावी हे मनाला पटत नव्हते.

इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुमारे १०३ न्यूटन-मीटर आहे. पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.६५२ आहे, म्हणून ट्रान्स्फर केसमध्ये शिरणारा टॉर्क सुमारे ३७६ न्यूटन-मीटर होतो. लो रेंजचे गुणोत्तर २.२६८ असल्याने बाहेर पडताना तोच सुमारे ८५३ न्यूटन-मीटर होतो. आत येणारा आणि बाहेर जाणारा शाफ्ट एकाच दिशेने फिरतात, म्हणून या दोहोंतील फरक, ४७७ न्यूटन-मीटर, केसच्या कवचाला धरून ठेवावा लागतो. नाही तर शाफ्ट फिरण्याऐवजी केसच उलटी फिरेल. दोन बाजूंच्या रबरांमधील आडवे अंतर मी ३१० मिलिमीटर मोजले. ४७७ ला ०.३१ ने भागल्यास प्रत्येक बाजूवर सुमारे १५४० न्यूटन, म्हणजे अंदाजे १५७ किलोचा भार येतो. ज्या बाजूस दोन रबरे आहेत तेथे तो विभागला जातो. ज्या बाजूस एकच आहे तेथे संपूर्ण भार त्या एकाच ब्रॅकेटवर येतो. घर्षणातील तूट यात धरलेली नाही आणि ओल्या मातीत चाके त्यापूर्वीच घसरतील, तरीही प्रमाण लक्षात येण्यास एवढे पुरेसे आहे. हाय रेंजमध्ये गुणोत्तर १.४०९ असल्याने हाच फरक १५४ न्यूटन-मीटरवर उतरतो, म्हणजे एक तृतीयांशापेक्षाही कमी. आवाज लो रेंजमध्येच का येत होता, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

ब्रॅकेटचे काम वजन पेलण्याचे आहे, असे मी समजत होतो. वजनाचा वाटा किरकोळ आहे. खरे काम पीळ अडवण्याचे आहे, आणि तो पीळ पुढे जाताना एका दिशेने तर रिव्हर्समध्ये उलट दिशेने येतो. एखादी तार एका बाजूस वाकवली तर टिकते, पण पुढे-मागे वाकवत राहिलो की तुटते. तसेच येथे झाले. त्यात पलीकडची दोन रबरे सुटल्यामुळे केस मोकळी हलू लागली, आणि जो भार एरवी हळूहळू चढला असता तो प्रत्येक वेळी हातोड्याच्या घावासारखा येऊ लागला.

यावरून तीन निर्णय झाले. तिन्ही रबरे नवी बसवायची. सर्व ऑइल सील बदलायचे. आणि एकट्या रबराच्या बाजूस दुसरे ब्रॅकेट व त्यासाठी चौथे रबर घालायचे, म्हणजे भार दोन्ही बाजूंना सारखा विभागला जाईल. परदेशात याच गाडीच्या भावंडावर, म्हणजे सुझुकी सामुराईवर, दगडांतून गाडी चालवणारे लोक ट्रान्स्फर केसला चौथा हात लावतात, तो याच कारणासाठी. पॉलियुरेथेनचे बुश घ्यावेत असे एका मित्राने सुचवले होते. पण ते कडक असल्याने गिअरांचा आवाज थेट चेसिसमध्ये येतो, आणि पातळ दांडीच्या जुन्या गाडीत रबराने गिळायचा धक्का पत्र्यावर ढकलणे मला योग्य वाटत नाही. रबरच ठेवायचे.

१८ फेब्रुवारी, शनिवार, महाशिवरात्र

वर्कशॉप बंद होते, पण मालकांनी किल्ली दिली. दिवसभर केवळ घासकाम आणि मोजमाप केले.

दांडीवरील जुना आडवा वेल्ड ग्राइंडरने पत्र्याच्या पातळीपर्यंत उतरवला. भेगेच्या दोन्ही टोकांना ४ मिलिमीटरची छिद्रे पाडली, म्हणजे ती पुढे सरकणार नाही. गंज काढल्यावर व्हर्नियरने पत्रा मोजला : चांगल्या जागी २.६ मिलिमीटर, ब्रॅकेटखाली १.८. इतक्या पातळ पत्र्यावर थेट ब्रॅकेट वेल्ड करणे म्हणजे पुन्हा तीच चूक ठरेल. म्हणून दांडीवर आधी ४ मिलिमीटरची एक मोठी पट्टी बसवायची आणि ब्रॅकेट त्या पट्टीवर घ्यायचे, असे ठरले. पट्टीची टोके सरळ न कापता शंकरपाळ्यासारखी तिरकी कापायची, म्हणजे वेल्डची रेषा दांडीला आडवी न जाता तिरपी जाईल आणि ताण एका ठिकाणी साचणार नाही.

दांडी पोकळ असल्याने आणखी एक गोष्ट करावी लागते. आरपार बोल्ट घालून आवळला तर पोकळ दांडी आत दबते आणि बोल्ट काही दिवसांत सैल पडतो. त्यासाठी दांडीच्या रुंदीइतक्या लांबीची जाड नळी छिद्रातून आत बसवून दोन्ही बाजूंनी वेल्ड करायची, म्हणजे बोल्टचा ताण नळीवर येतो, पत्र्यावर येत नाही. अशा दोन नळ्या लेथवर कापून घ्याव्या लागतील. दांडीच्या तळाची पाणी निचरण्याची भोके पट्टीखाली झाकली जाणार नाहीत, याचीही खूण करून ठेवली. मालवणच्या खारट ओलाव्याने एवढे केल्यावर आणखी पाणी आत साठवणे परवडणारे नाही.

२६ फेब्रुवारी, रविवार

पुठ्ठ्याचे साचे तीन वेळा बदलले. पहिल्या साच्यात पाना फिरवायला जागा उरत नव्हती, दुसऱ्यात ब्रॅकेटचा कोपरा हँडब्रेकच्या वायरला घासत होता. तिसरा साचा बसला, तेव्हा त्यावरून ५ मिलिमीटर जाडीच्या आयएस २०६२ प्रतीच्या (बांधकामाच्या पोलादाचे भारतीय मानक) प्लेटमधून तुकडे कापून घेतले. प्रत्येक ब्रॅकेट म्हणजे एक वाकवलेली तळपट्टी आणि तिच्या दोन्ही कडांना दोन त्रिकोणी आधारपट्ट्या असा खोक्यासारखा आकार आहे. मूळ ब्रॅकेटला एकाच बाजूला आधार होता. वाक देताना प्रेसवर कोपरा फार तीक्ष्ण न ठेवता आतील त्रिज्या प्लेटच्या जाडीपेक्षा थोडी जास्त ठेवली, कारण तीक्ष्ण वाकात बाहेरचा धातू ताणला जाऊन बारीक चिरा पडतात. सर्व कडा घासून गोल केल्या.

आजचे सर्वात उपयोगी काम मात्र ब्रॅकेटचे नव्हते. वेल्डिंग करताना रबर जागेवर ठेवता येत नाही, ते जळते. आणि रबर नसेल तर केस कोणत्या उंचीवर धरायची हे कळत नाही. मिस्त्रींच्या सल्ल्याने लेथवर पोलादाचे चार डमी ठोकळे कातून घेतले. नव्या रबराची उंची ३८ मिलिमीटर आहे, आणि केसच्या वजनाखाली ते थोडे दबते, म्हणून डमी ३६ मिलिमीटरचे ठेवले. डमी बोल्टने आवळून केस, हात आणि ब्रॅकेट अशी एकच घट्ट जुळणी करायची, मग ती संपूर्ण जुळणी चेसिसवर नेऊन टाके, म्हणजे वेल्डचे तात्पुरते ठिपके, मारायचे.

५ मार्च, रविवार

आज माझ्याकडून चूक झाली आणि अर्धा दिवस वाया गेला. ती सविस्तर लिहितो.

ट्रान्स्फर केसचा आत येणारा शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा बाहेर जाणारा शाफ्ट हे परस्परांना समांतर असावे लागतात. मधल्या छोट्या शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) असतात. क्रॉस तिरका फिरताना प्रत्येक फेरीत दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. दोन्ही क्रॉसचे कोन सारखे असले आणि त्यांना धरणारे शाफ्टवरचे काटे एका रेषेत असले, तर पहिल्याने केलेली चढ-उतार दुसरा मिटवतो. कोन वेगळे असतील तर ती चढ-उतार केसमध्ये जाते आणि थरथर म्हणून जाणवते. हे दोन्ही कोन शून्य असणेही चांगले नाही, कारण मग क्रॉसमधील बेअरिंगच्या सुया जागच्या जागी राहून खड्डे पाडतात. छोट्या शाफ्टशी एक ते तीन अंश कोन हवा. जिप्सीत हा छोटा शाफ्ट मागच्या लांब शाफ्टपेक्षा हाय रेंजमध्ये १.४०९ पट वेगाने फिरतो, कारण गती कमी होण्याचे काम त्याच्यानंतर होते. पाचव्या गिअरला, ज्याचे गुणोत्तर ०.७९५ आहे, इंजिन ३००० फेऱ्यांवर असेल तर हा शाफ्ट मिनिटाला सुमारे ३७७० फेऱ्या घेतो. म्हणून येथील एका अंशाची चूक महामार्गावर लपत नाही.

मी डिजिटल कोनमापकाने गिअरबॉक्सचा उतार मोजला : मागे २.४ अंश. केस त्याच उताराला लावली, ब्रॅकेट दांडीला टेकवले, आणि मिस्त्रींनी चार टाके मारले. नंतर खात्रीसाठी पुन्हा मोजताना गिअरबॉक्सचा उतार ३.४ अंश आला. शोध घेतल्यावर लक्षात आले, की सकाळी हाताला जागा व्हावी म्हणून मी गिअरबॉक्सच्या शेपटीखाली जॅक लावला होता आणि त्याने ती १४ मिलिमीटर उचलली गेली होती. टाके मारल्यावर दुसऱ्या कामासाठी जॅक काढला, आणि गिअरबॉक्स आपल्या खऱ्या जागी बसला. मी मोजलेला कोन गाडीचा नव्हता, जॅकचा होता.

टाके ग्राइंडरने कापले. आता नियम असा केला आहे, की कोन मोजण्यापूर्वी इंजिन आणि गिअरबॉक्स आपापल्या फाउंडेशनवर मोकळे बसलेले असतील, गाडीखाली एकही जॅक नसेल, आणि गाडी हाताने दोन-तीन वेळा हलवून स्थिर झालेली असेल. उरलेल्या वेळात पट्ट्या बसवून घेतल्या.

१२ मार्च, रविवार

वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या आणि इंजिनाच्या संगणकाचा जोड सोडून ठेवला. दांडीलगत जाणारी पेट्रोलची नळी व ब्रेकची नळी क्लिपांतून मोकळी करून दूर बांधली, त्यांच्यावर भिजवलेले पोते टाकले आणि अग्निशामक हाताशी ठेवले. अर्थची पकड थेट दांडीवर, वेल्डच्या शेजारी लावली, म्हणजे विद्युतप्रवाह ट्रान्स्फर केसच्या बेअरिंगमधून जाणार नाही. चेसिस क्रमांक कोरलेल्या भागाला उष्णता लागणार नाही हेही आधी पाहून ठेवले होते. पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीची मुदत पाचच वर्षांची असते आणि तपासणीत तो क्रमांक स्वच्छ वाचता यावा लागतो.

आज उतार दोन्हीकडे ३.४ आणि ३.२ अंश आला. आडव्या दिशेची समांतरता ओळंबे सोडून जमिनीवर खडूने रेषा काढून तपासली. ०.८ मिलिमीटर तारेचे सीओ-टू वेल्डिंग केले, एका वेळी दोन इंचांपेक्षा जास्त नाही, आणि दर तुकड्यानंतर समोरच्या बाजूस जाऊन. त्यामुळे पत्रा तापून ओढला गेला नाही. तिरक्या टोकांच्या अगदी अणीवर वेल्ड सुरू किंवा बंद करायचा नाही, तो अणीला वळसा घालून पुढे नेऊन थांबवायचा, हे मिस्त्रींनी प्रत्येक वेळी कटाक्षाने पाळले. चाळीस वर्षांचा हात कसा असतो, ते त्या सारख्या उमटलेल्या लाटांवरून कळते, आणि त्यांच्या शेजारी उभे राहून ते पाहायला मिळाले याचे मला मोल वाटते. डमी थंड होईपर्यंत काढले नाहीत. काढल्यावर भोकांमधील फरक अर्ध्या मिलिमीटरहून कमी भरला.

२२ मार्च, बुधवार, गुढीपाडवा

गेल्या आठवड्यात झिंक असलेल्या प्रायमरचे दोन हात, त्यावर काळा रंग, आणि दांडीच्या आतून नळीने मेणयुक्त गंजरोधक फवारणी असे काम झाले. केसचे सर्व सील नवे बसवले. आज सकाळी गुढी उभारून दुपारी केस चढवली. चारही रबरे नवी आहेत. चौथ्यासाठी केसच्या रिकाम्या बोल्टांवर स्वतंत्र हात बनवला आहे. सर्व बोल्ट आधी हाताने लावले, केसला रबरांवर आपली जागा घेऊ दिली आणि मगच १० मिलिमीटरचे बोल्ट ४५ न्यूटन-मीटरला आवळले. आधी एकेक आवळत गेलो असतो तर रबर पिळलेल्या अवस्थेतच अडकून राहिले असते. छोट्या शाफ्टचे काटे एका रेषेत असल्याची खूण पाहून तो जोडला. ८०-डब्ल्यू-९० तेल भरले.

२६ मार्च, रविवार

कोल्हापूरहून गगनबावडा, तेथून भुईबावडा घाट उतरून पुन्हा वर. सपाट रस्त्यावर ताशी ७० किलोमीटरला पूर्वी आसन थरथरत असे, ते थांबले. गिअरांचा आवाज आधीपेक्षा किंचित वाढला आहे. चौथ्या रबरामुळे केस अधिक घट्ट धरली गेल्याचा तो परिणाम असावा, आणि तो मला मान्य आहे. घाटाच्या माथ्याजवळ एका कच्च्या चढावर लो रेंज पहिल्या गिअरमध्ये थांबून, क्लच सोडून, पुन्हा रिव्हर्समध्ये असे दहा वेळा केले. ‘ठक्’ आवाज एकदाही आला नाही. चुलतभावाने बाजूला पडून टॉर्चने पाहिले : केस रबरांवर एका सुतापेक्षा कमी हलते आणि लगेच जागेवर येते.

परतल्यावर सर्व बोल्टांवर पाना लावला. नव्या बाजूचा एक बोल्ट पाव आटा बसला, बाकीचे जागचे हलले नाहीत. प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची रेघ ओढली आहे. पुढील तपासणी ५०० किलोमीटरनंतर, आणि त्यानंतर जूनमध्ये पाऊस सुरू होण्यापूर्वी एकदा, रंगवलेली दांडी धुऊन वेल्डच्या कडा भिंगाने पाहायच्या आहेत. मागच्या शाफ्टचा सील अजून थोडा ओला दिसतो, तो जुन्या तेलाचा डाग आहे की नवी गळती, हे रबराखाली पांढरा कागद बांधून ठेवला आहे त्यावरून आठवडाभरात कळेल.